विळा कुणाचा, वार कुणाचा?

आजची गोष्ट लांबची आहे, अमेरिकेतली. पण सुरुवात आपल्या घरातल्या विळ्यापासून करू.

नवा विळा आणला आणि पहिल्याच दिवशी गवत कापताना मुठीतून पातं निसटून हाताला लागलं. दोष कुणाचा? बनवणाऱ्याचा. पण तोच विळा घेऊन कुणी भांडणात शेजाऱ्यावर वार केला, तर लोहाराला कोर्टात ओढायचं का? नाही, असंच आपण म्हणू. आता तिसरा प्रकार बघा. एक माणूस दारूच्या नशेत, "आज एकेकाला बघतोच" असं ओरडत दुकानात येतो, कोयता मागतो आणि दुकानदार मुकाट्याने पैसे घेऊन कोयता त्याच्या हातात देतो. तो दुकानदार अगदीच निर्दोष का?

या तीन प्रश्नांवरून अमेरिकेत गेली पंचवीसेक वर्षं वाद चालू आहे. तिथे विळ्याच्या जागी बंदूक आहे, एवढाच फरक.

१९९८ साली अमेरिकेतल्या राज्यांनी सिगारेट कंपन्यांना कोर्टात खेचून मोठी भरपाई कबूल करायला लावली होती. मग शहरांना वाटलं, बंदुकीच्या कंपन्यांनाही जाब विचारावा. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्स शहराने पहिला दावा लावला. लहान मुलाच्या हातात पडली तर चालू नये, अशी सोय बंदुकीत का ठेवत नाही, हा त्यांचा सवाल होता. पाठोपाठ शिकागो उभं राहिलं. तिथल्या पोलिसांनी साध्या वेषात शहराबाहेरच्या दुकानांत जाऊन बंदुका विकत घेतल्या आणि विक्री किती बेफिकिरीने चालते ते दाखवलं. बघता बघता तीसहून जास्त शहरं आणि जिल्हे कोर्टात गेले.

यातले बरेच दावे कोर्टात टिकले नाहीत. तरी कंपन्या घाबरल्या. एकेका खटल्याचा वकिलांचा खर्चच पेलवणारा नव्हता. अशातच २००२ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टन शहराच्या आसपास दोघांनी लपून गोळ्या झाडल्या आणि दहा माणसं मारली. त्यांची रायफल टॅकोमा गावच्या एका दुकानातून गायब झालेली निघाली. त्या दुकानातल्या दोनशेहून जास्त बंदुकांचा हिशोब लागत नव्हता! मेलेल्यांच्या घरच्यांनी दुकानदारावर आणि रायफल बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला. २००४ मध्ये दोघांनी मिळून सुमारे २५ लाख डॉलर देऊन तो मिटवला.

पुढच्याच वर्षी दार बंद झालं. २६ ऑक्टोबर २००५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एका कायद्यावर सही केली. तिसऱ्याच कुणी बंदुकीचा गुन्ह्यासाठी वापर केला, तर त्यासाठी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर भरपाईचा दावा लावता येणार नाही, असं त्यात ठरलं. बंदूकवाल्यांची ताकदवान संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, यासाठी कितीतरी दिवस झटत होती. त्यांचं म्हणणं लोहाराच्या उदाहरणासारखंच होतं: धंदा कायदेशीर आहे, मग दुसऱ्याच्या पापाची भरपाई आम्ही का द्यायची?

हे म्हणणं अगदीच खोटं नाही. म्हणून कायद्यात काही फटीही ठेवल्या. बंदूक मुळातच सदोष असेल, धोका दिसत असताना दुकानदाराने ती हातात दिली असेल, किंवा विक्रीचे आणि जाहिरातीचे नियम जाणूनबुजून मोडले असतील, तर दावा लावता येतो. म्हणजे आपला पहिला आणि तिसरा प्रश्न कागदावर शिल्लक राहिला. पण त्या फटीतून आत जाणं किती कठीण, ते आईबापांना विचारा.

२०१२ च्या जुलैमध्ये कोलोरॅडो राज्यातल्या ऑरोरा इथे सिनेमागृहात गोळीबार झाला. बारा माणसं मेली. त्यातल्या एका तरुण मुलीच्या आईवडिलांनी, मारेकऱ्याला इंटरनेटवरून हजारो गोळ्या विकणाऱ्या दुकानावर दावा लावला. दावा फेटाळला गेला. वर राज्याच्या कायद्यावर बोट ठेवून, समोरच्या वकिलांचा दोन लाखांहून जास्त डॉलर खर्च त्यांनीच द्यावा, असा हुकूम झाला. लेक गेली आणि दिवाळंही निघालं. पुढे २०२३ मध्ये कोलोरॅडोने आपला तो कायदा बदलला.

त्याच २०१२ च्या डिसेंबरमध्ये कनेटिकट राज्यातल्या सँडी हूक शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. नऊ घरांनी वेगळी वाट धरली. त्यांनी बोट ठेवलं रेमिंग्टन कंपनीच्या जाहिरातींवर. लढाईसाठीची रायफल घरातल्या तरुण पोरांना मर्दपणाची खूण म्हणून विकणं हा राज्याच्या व्यापार कायद्याचा भंग आहे, असं त्यांनी मांडलं. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी खटला पुढे जाऊ दिला. २०२२ मध्ये कंपनीच्या विमा कंपन्यांनी ७ कोटी ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

त्या आईबापांची आणखी एक अट होती. खटल्यात हाती आलेले कंपनीचे आतले कागद लोकांसमोर ठेवायची मोकळीक हवी. ती त्यांनी मिळवली.

मैत्रिणींनो, गोष्टीचं मर्म इथेच आहे. खटला फक्त पैशासाठी नसतो. खटला चालला की कंपनीला कपाट उघडावं लागतं, काय ठाऊक होतं आणि तरी काय केलं ते सांगावं लागतं. कोर्टाचं दार बंद झालं की ते कपाटही बंद राहतं.

वाद संपलेला नाही. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी दावे लावता यावेत म्हणून आपले कायदे केले. उलट, अमेरिकी बंदुका आमच्या टोळ्यांच्या हाती पडतात, असं म्हणत मेक्सिको देशाने लावलेला दावा जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या नऊ न्यायाधीशांच्या एकमताने अडवला.

येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की हा कोयत्याचा प्रश्न मांडून बघा. दुकानदाराने नाही कधी म्हणायचं, आणि म्हटलं नाही तर जाब कुणी विचारायचा? मतं सारखी पडणार नाहीत. पण ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला निदान विचारायला तरी जागा हवी की नको, हे आधी ठरवा.