पाण्यातला प्राणवायू : मँचेस्टर ते नागपूर

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे विद्यार्थ्यांना घरीच कळलेले असते. वायूंचेही तसेच असणार, असे ते धरून चालतात. अशा वेळी चंचुपात्रात साधे नळाचे पाणी तापत ठेवावे. उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी पात्राच्या आतून बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ती वाफ नव्हे, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. समुद्रसपाटीच्या दाबाला एक लिटर शुद्ध पाणी ० अंश सेल्सिअसला हवेतून १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू घेते, २० अंशाला ९.१ आणि ३० अंशाला जेमतेम ७.६. एक लिटर हवेत तो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात असतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच असल्याने येथे दाब तीनचार टक्के कमी, आणि उन्हाळा तर सर्वांच्या परिचयाचा! मे महिन्यात येथल्या तळ्यातल्या माशाला किती थोडक्यात भागवावे लागते, याचा अंदाज यावरून यावा.

दाबाचा नियम मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडला : तापमान तेच असेल, तर द्रवात विरघळणारा वायू त्याच्या दाबाच्या प्रमाणात असतो. हवेत प्राणवायू एकपंचमांश आहे, म्हणून पाण्याला त्याच्या दाबाचा वाटाही तेवढाच मिळतो. २० अंशाला हवेऐवजी शुद्ध प्राणवायू दिला, तर तेच पाणी ९.१ ऐवजी ४३ मिलिग्रॅमच्या आसपास घेईल. हेन्रींचे मित्र जॉन डाल्टन यांना मात्र वेगळाच प्रश्न पडला. सगळे वायू पाण्यात सारखेच का विरघळत नाहीत? कणांचे वजन आणि संख्या यांमुळे हा फरक पडत असावा, असे त्यांना वाटले. हे उत्तर काही टिकले नाही. पण याच विषयावरच्या, १८०५ साली छापलेल्या निबंधाच्या शेवटी त्यांनी कणांच्या सापेक्ष वजनांचा पहिला तक्ता जोडला. अणुभारांचा धडा शिकवताना हा सोडावॉटरशी असलेला संबंध आम्हांला नेहमी सांगावासा वाटतो.

एवढासा प्राणवायू मोजायचा कसा? बुडापेस्टच्या लायोश विंकलर यांनी १८८८ साली दिलेली रीत आजही वापरात आहे. काठोकाठ भरलेल्या बाटलीत मँगनस सल्फेट आणि आयोडाइडयुक्त अल्कली घालतात. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. त्यात आम्ल घातले, की प्राणवायूच्या प्रमाणात आयोडिन मोकळे होते आणि ते थायोसल्फेटने मोजता येते.

मैलापाण्याची परीक्षा याच रीतीवर उभी राहिली. त्यातली घाण खाताना जीवाणू किती प्राणवायू संपवतील, तो आकडा म्हणजे बीओडी. साधारण मैलापाण्यात तो लिटरला २०० मिलिग्रॅम धरला, तर एक लिटर मैलापाणी सव्वीससत्तावीस लिटर स्वच्छ, कोमट नदीचा प्राणवायू फस्त करू शकते. ब्रिटनच्या शाही आयोगाने १९१२ साली या परीक्षेला पाच दिवस ठरवले. तिथल्या नद्यांचे पाणी तेवढ्या काळात समुद्राला मिळते, असे त्याचे कारण सांगतात. तापमान होते ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १८ अंश सेल्सिअस. पुढे २० अंश रूढ झाले.

आता आपली नाग नदी पाहा. शहराचे सांडपाणी घेऊन ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला, आणि मग कुठे बंगालचा उपसागर. इंग्लंडची पाच दिवसांची आणि थंड पाण्याची मोजपट्टी इथे कशी लागू पडावी? भारतीय मानकाने १९९३ साली तीन दिवस आणि २७ अंश स्वीकारले. उष्णतेत जीवाणूंचा वेग वाढत असल्याने काम जवळपास तेवढेच होते, शिवाय परीक्षापेटी सारखी थंड ठेवण्याचा खटाटोप वाचतो. आमच्या मते हा बदल फार उशिरा झाला.

उष्णतेचा उपयोग करून घेण्याचा विचार मात्र नागपुरात त्याआधीच झाला होता. १९५८ साली येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली; १९७४ पासून ती 'नीरी' म्हणून ओळखली जाते. सोली आर्सीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या स्थिरीकरण तळ्यांची रचना, बांधणी व देखभाल यांवर लिहिलेले पुस्तक या संस्थेने १९७० साली प्रसिद्ध केले. हे तळे म्हणजे मैलापाण्याचा उथळ जलाशय. त्यात ना पंखा, ना पंप. जीवाणू घाण कुजवतात, शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू देते. उन्हाळ्यात पाण्यात हवा कमी विरघळते हे खरे, पण शेवाळ प्राणवायू पाण्यातच तयार करते. त्यामुळे भर दुपारी तो संपृक्ततेच्या कितीतरी वर जातो आणि रात्री पार खाली येतो. सकाळी मोजणारा आणि दुपारी मोजणारा, दोघांचे आकडे खरे असून जुळणार नाहीत. म्हणून नोंदवहीत तारखेबरोबर वेळही लिहावी.

शाळेच्या प्रयोगशाळेत विंकलरची पहिली पायरी शिक्षकांनी स्वतः, हातमोजे घालून करून दाखवावी. एका बाटलीत नळाचे पाणी घ्यावे आणि दुसरीत गावातल्या गटाराचे, दोन्ही हवेचा बुडबुडा राहू न देता भरून. पहिल्या बाटलीत तपकिरी साका बसेल. दुसरीत प्राणवायू उरलाच नसेल, तर तो पांढराच राहील.