गिटारचे पडदे आणि कारागिरांची विद्या

पडद्याचें वाद्य वाजविणाराचें नांव आपण आवर्जून लक्षांत ठेवतों. तो पडदा ज्यानें बसविला त्याची चौकशी करण्याची मात्र कोणास आठवण होत नाहीं. संगीताच्या इतिहासांत गायक, वादक व रचनाकार यांची वंशावळ सांगितली जाते. पण दांडीवर धातूची बारीकशी पट्टी कोठें बसवावी, किती उंच ठेवावी, कोणत्या कानशीनें घासावी, ही विद्या कोणाकडून कोणाकडे गेली याचा वृत्तांत क्वचितच कोणी लिहितो. गिटार या यूरोपीय वाद्यापुरता हा वृत्तांत बराचसा सांपडतो, आणि तो नुसता सुतारकामाचा नाहीं. कारागिरानें आपली हातोटी झांकून ठेवावी कीं चारचौघांपुढें मांडावी, हा वाद त्याच्या मुळाशीं आहे. ज्या देशांत पुष्कळशी विद्या माणसाबरोबरच नाहींशी होत आली, त्या आपल्या देशांतील वाचकांस तो परका वाटूं नये.

पडदा म्हणजे काय हें सतार पाहिलेल्या वाचकांस सांगावयास नको. सतारीचे पडदे धातूचे, कमानदार व दोऱ्यानें दांडीस बांधलेले असतात. राग बदलला कीं वादक ते सरकवितो. गिटारचे पडदेही प्रारंभीं असेच सरकते होते. सोळाव्या व सतराव्या शतकांत स्पेन, इटली वगैरे देशांतील कारागीर गिटार, व्हिवेला व ल्यूट या वाद्यांच्या दांडीभोंवतीं तांतीचे फेरे बांधीत, आणि तेच पडदे. ढिला झाला तर पुन्हां बांधावा, बेसूर वाटला तर बोटानें सरकवावा. चूक सुधारण्यास वादक स्वतः समर्थ असे. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या प्रारंभीं धातूचे पडदे लांकडांत कायमचे ठोकण्याची रीत रूढ झाली, आणि कारागिराची जबाबदारी एकदम वाढली. ठोकलेला पडदा सरकत नाहीं. कारागीर चुकला कीं वाद्य जन्मभर बेसूर.

आतां गंमत अशी कीं, पडदा कोठें बसवावा हें गणित कधींच फारसें गुप्त नव्हतें. हुआन बेर्मूदो या स्पॅनिश साधूनें १५५५ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत व्हिवेलाच्या पडद्यांची चर्चा केली आहे. १५८१ सालीं फ्लॉरेन्स येथें व्हिंचेन्झो गॅलिली याचा प्राचीन व अर्वाचीन संगीतावरील संवाद प्रसिद्ध झाला. सुप्रसिद्ध ज्योतिर्विद गॅलिलिओ याचा हा पिता. त्यानें सांगितलेला नियम कोणाही सुतारास समजेल असा आहे. तारेची लांबी अठरांनीं भागावी, येईल तेवढ्या अंतरावर पहिला पडदा; उरलेली लांबी पुन्हां अठरांनीं भागावी, तेथें दुसरा; असें बारा वेळां करावें. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर हा हिशेब करून पाहिला, तर बारावा पडदा नेमका मध्यावर न पडतां सुमारें २.४ मिलिमीटर अलीकडे पडतो, म्हणजे स्वर किंचित् उतरतो. परंतु बोटानें तार दाबली कीं ती ताणली जाऊन स्वर किंचित् चढतो, आणि गणितांतील उणीव हाताच्या दाबानें कांहींशी भरून निघते. अलीकडे अठराऐवजीं १७.८१७ हा भाजक घेतात व तारेच्या ताणाची भरपाई घोडी जराशी मागें सरकवून करतात. तात्पर्य, अंतराचें गणित चारशें वर्षांहून अधिक काळ छापील पुस्तकांत उघडें पडलेलें आहे.

छापलें गेलें नाहीं तें हाताचें काम. पडद्याच्या तारेचा आडवा छेद इंग्रजी 'टी' अक्षरासारखा असतो. वरचें डोकें गोलसर, खालचा पाय काटेरी. शिसवीच्या किंवा आबनुसाच्या पट्टींत सुमारें अर्धा-पाऊण मिलिमीटर रुंदीची खांच करवतीनें पाडून त्यांत हा पाय ठोकावयाचा. खांच रुंद झाली तर पडदा उचलून येतो. ती फार अरुंद राहिली तर प्रत्येक पडदा पाचरीसारखें काम करतो, आणि वीस पाचरी एकदम बसल्या कीं दांडी मागें वांकते. हुषार कारागीर याच दोषाचा गुण करून घेत, व नरम दांडीला जाड पायाचे पडदे ठोकून ताठपणा आणीत. अमेरिकेंतील मार्टिन यांच्या कारखान्यांत १९३४ पर्यंत सरळ चपट्या पट्टीचे पडदे बसवीत असत, तेव्हां तर ही युक्ति कामाचा एक भागच होती. ठोकून झाल्यावर सर्व पडद्यांचे माथे एका पातळींत आणावे लागतात. केसाएवढा एखादा उंच राहिला तरी तार त्यावर खरखरते. सपाट कानशीनें पातळी साधली कीं माथे चपटे होतात, म्हणून अंतर्गोल कानशीनें ते पुन्हां गोल करावयाचे. शेवटीं टोंकें अशीं घासावयाचीं कीं वादकाचा तळहात ओरखडला जाऊं नये. यांतील कोणत्या पायरीवर किती घासावें हें हातास कळतें, आणि हाताचें ज्ञान तोंडानें सांगण्याची संवय कारागिरास नसते. सांगावें अशी इच्छाही पुष्कळदां नसते.

ही इच्छा नसण्याचें कारण केवळ स्वभावाचा कृपणपणा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. विद्या म्हणजे पोट होतें. स्पेनमध्यें तंतुवाद्यें करणारे सुतारांच्या संघांतच मोडत, आणि सेव्हिल शहराच्या १५२७ सालीं छापलेल्या नियमावलींत त्यांच्या परीक्षेचे नियम आहेत. निरनिराळीं वाद्यें स्वतः करून दाखवावीं व परीक्षकांस पटलें तरच दुकान थाटावें. यांत ग्राहकाचें रक्षण होतें, तसेंच आंत असलेल्यांच्या मिळकतीचेंही. जर्मनींतील मार्कनॉयकिर्खेन या गांवीं तर या दुसऱ्या हेतूनें पहिल्यावर मात केली. तेथें बोहेमियांतून धर्मच्छळामुळें आलेल्या बारा कारागिरांनीं १६७७ सालीं व्हायोलिन करणारांचा संघ स्थापिला होता. पुढें गिटारला मागणी येतांच गांवांतील कपाटें-मेजें करणारे सुतार ती करूं लागले. १८२६ सालीं व्हायोलिनवाल्यांनीं तक्रार केली कीं वाद्यें करण्याचा हक्क आमचा, सुतारांनीं आपलें घरसामान पाहावें. १८३२ सालीं तीच तक्रार पुन्हां झाली. निकाल सुतारांच्या बाजूनें लागला. पण त्यांतील एक, व्हिएन्ना येथें योहान गेओर्ग श्टाउफर याच्या हाताखालीं शिकून आलेला क्रिश्चन फ्रीडरिख मार्टिन, अशा गांवांत राहण्यास इतका कंटाळला कीं १८३३ सालीं तो न्यूयॉर्कला निघून गेला. त्यानें तेथें घातलेलें दुकान पुढें पेनसिल्व्हानियांत नाझरेथ येथें गेलें व आजही चालू आहे. मार्कनॉयकिर्खेनच्या संघानें हक्क राखतां राखतां आपला उत्तम माणूस गमावला. बलुत्याच्या हक्कावरून झालेले तंटे ज्यांनीं पेशव्यांच्या दप्तरांत पाहिले असतील, त्यांस हा तंटा ओळखीचा वाटेल.

संघ मोडले तरी गुप्तता मोडली नाहीं. ती घरांत शिरली. आजच्या गिटारची घडण ज्याच्या हातून ठरली तो अँटोनियो दे टोर्रेस १८१७ सालीं अल्मेरियाजवळ जन्मला व १८९२ सालीं वारला. मूळचा तो सुतारच. वाद्याचा आवाज मुख्यतः वरच्या फळींतून येतो हें दाखविण्यासाठीं त्यानें १८६२ सालीं मागची बाजू व कडा कागदाच्या लगद्याच्या केलेली एक गिटार घडविली. त्याच्या परिचयांतील एका पाद्र्यानें १९३१ सालीं लिहिलेल्या पत्रांत अशी आठवण सांगितली आहे कीं, हें रहस्य जगाला देऊन जा अशी विनंती केली असतां टोर्रेस म्हणाला, माझें रहस्य अंगठा व तर्जनी यांच्या टोंकाशीं आहे, तें देतां येण्याजोगें नाहीं. ही कथा इतक्या वेळां सांगितली गेली आहे कीं ती ऐकून पुष्कळांना गहिंवर येतो. आम्हांस तसा येत नाहीं. फळीची जाडी बोटांनीं चाचपून ठरवितां येते हें खरें. परंतु फळीखालीं पंख्यासारख्या लांकडी पट्ट्या किती, कोठें व किती उंचीच्या लावल्या, हें मोजपट्टीनें सांगतां येतें, आणि पुढें लोकांनीं तें सांगितलेंही. होसे रोमानिलोस या वाद्यकारानें टोर्रेसची वाद्यें मोजून १९८७ सालीं त्याजवर ग्रंथ प्रसिद्ध केला. गुरूनें जें बोलून दाखविलें नाहीं, तें त्याच्या वाद्यांनीं सांगितलें.

वाद्य हेंच पुस्तक समजून वाचण्याचा हा मार्ग तसा जुना आहे. १९२४ सालीं प्रसिद्ध वादक आंद्रेस सेगोव्हिया म्यूनिकला गेला असतां त्याची माद्रिद येथील मान्वेल रामिरेझ याच्या दुकानांत १९१२ सालीं झालेली गिटार हेर्मान हाउझर यानें बारकाईनें पाहून मोजून घेतली. त्यानंतर बारा-तेरा वर्षें तो घडवीत राहिला, तेव्हां १९३७ सालीं सेगोव्हियास पसंत पडेल असें वाद्य तयार झालें. वाद्य हातांत असूनही एका पिढीचा अर्धा काळ गेला; शेजारीं बसून कोणी दोन शब्द सांगितले असते तर किती वर्षें वांचलीं असतीं याचा अंदाज वाचकांनींच करावा.

ते दोन शब्द सांगणारे लोक शेवटीं निघाले ते अमेरिकेंत. १९६६ सालीं अर्व्हिंग स्लोन यांचें स्पॅनिश पद्धतीची गिटार घडविण्यावरील सचित्र पुस्तक निघालें. १९७२ सालीं वाद्यकारांचा एक संघ स्थापन झाला. त्याचें ठाणें वॉशिंग्टन राज्यांतील टॅकोमा शहरीं आहे. नांव 'गिल्ड', म्हणजे मार्कनॉयकिर्खेनच्याच जातीचें, पण धर्म अगदीं उलटा: जो जें जाणतो त्यानें तें लिहून सर्वांस द्यावें. संघाच्या नियतकालिकांतून वाद्यांचे पूर्ण मापाचे नकाशे, खांचा पाडण्याचे सांचे, पडदे दाबून बसविण्याच्या घरगुती युक्त्या प्रसिद्ध होऊं लागल्या. ओक्लाहोमांतील डॉन टीटर या दुरुस्ती करणाऱ्या कारागिरानें १९७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत, जुने पडदे उपटून खांच थोडी रुंद करावी व नवा पडदा न ठोकतां इपॉक्सीनें चिकटवावा, म्हणजे दांडीवर पाचरीचा ताण येत नाहीं, ही आपली रीत उघड करून सांगितली. जुन्या मताच्या कारागिरांस ती पटणें कठीणच. ते पाचरीच्या बाजूचे. परंतु वाद उघड्यावर आला कीं दोन्ही रीती जगतात, आणि शिकणाराला निवड करतां येते. हातांत मावणारी अंतर्गोल कानस, तीन पडद्यांवर ठेवून उंच पडदा शोधण्याची पोलादी पट्टी, तारेच्या पायाला धक्का न लावतां टोंक तोडणारी घासलेली पक्कड, हीं हत्यारें अशा देवाणघेवाणींतून कारागिरा-कारागिरांत पसरलीं.

येथें एक गोष्ट न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. विद्या उघडी करणाऱ्या या अमेरिकन मंडळींत पिढीजात दुकान असलेले फार थोडे होते. बहुतेक स्वतः चांचपडत शिकलेले; झांकून ठेवण्यासारखें वडिलोपार्जित धन त्यांच्यापाशीं नव्हतेंच, आणि घेण्यासारखें पुष्कळ होतें. ज्याच्या घरीं चार पिढ्यांची हातोटी आहे व जिच्यावर आजही चूल पेटते, त्यानें तितक्याच मोकळेपणानें ती वाटावी अशी अपेक्षा करणें सोपें, पण न्यायाचें नाहीं.

आमच्या मनांत अर्थातच मिरज आहे. तेथील शिकलगार, म्हणजे तलवारींस धार लावणाऱ्या कुळांतील लोक, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सतारी व तंबोरे करूं लागले. फरीदसाहेब सतारमेकर यांचें नांव या परंपरेच्या मुळाशीं घेतलें जातें. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. नांवाचें रक्षण झालें हें ठीकच. पण मानांकनानें हातोटी एका हातांतून दुसऱ्या हातांत जात नाहीं. गणिताची बाजू येथेंही पूर्वींच छापली गेली आहे. शेजारच्या सांगलीचे कृ. ब. देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, व त्यांच्या प्रयोगांस अब्दुल करीमखां यांच्या गळ्याचें साह्य झालें. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं तंबोरा व वीणा यांच्या घोडीचें शास्त्रही उलगडून दाखविलें. इटलींत गॅलिलीनें केलें तेंच हें काम. आतां टीटरसारखें काम व्हावयाचें आहे, आणि तें करणाऱ्या घराण्यास शिकवणीचा चोख मोबदला मिळाला पाहिजे. शिष्यानें दुकानांत बसावें तें गुरूचें गिऱ्हाईक पळविण्यासाठीं नव्हे, एवढी हमी त्यांत आली.

कारण जवारीचें काम आजही असें चालतें: घोडीचा माथा कानशीनें दोन हात घासावयाचा, तार चढवावयाची, तारेखालीं दोरा सरकवून ऐकावयाचें, मान हलवून तार उतरावयाची, आणि पुन्हां दोन हात.