राजदूताला परत बोलावणे

भन्सार आणि भंगार या दोन शब्दांत फरक फक्त एका अक्षराचा आहे. 'सा'च्या जागी 'गा' आला की संपलं. नेपाळीत कस्टम्सला भन्सार म्हणतात. भंगार म्हणजे काय ते मराठी वाचकांना सांगायला नको. आता गाणारे लोक म्हणतील, 'सा'वरून 'ग'वर जाताना मधे एक 'रे' लागतो. आमच्या बाबतीत तो 'रे' मामांनी लावला. पण ते पुढे येईल.

१९८३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा एक मित्र मोटारसायकलवरून काठमांडूला गेलो. हा मित्र भूगोलाचा मास्तर. त्याला आम्ही 'नकाशा' म्हणत असू. मोटारसायकल अर्थातच आमच्यापैकी कोणाचीच नव्हती. ती मामांची. मामा विमा एजंट, म्हणजे माणसांच्या आयुष्याचा विमा. सातारा जिल्ह्यातली शे-दीडशे खेडी त्यांनी त्या राजदूतवर पालथी घातली होती. "उद्याचं कुणी पाहिलंय?" हे वाक्य त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओट्यावर बसून उच्चारलं, आणि स्वतःची मोटारसायकल मात्र भाच्याच्या हवाली केली. मामींचा विरोध होता. "जाऊ दे गं, पोरं जग बघतील," असं मामा म्हणाले. मोटारसायकलनं जग बघण्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

राजदूत ही तरुणांची गाडी नव्हे, हे त्या काळातले लोक जाणतात. ती दूधवाल्यांची, तलाठ्यांची, ग्रामसेवकांची गाडी. १९६२ साली एस्कॉर्ट्सनं ती काढली, तीही पोलंडच्या 'एसएचएल' नावाच्या गाडीच्या नमुन्यावरून. म्हणजे आमचा राजदूत मुळात पोलंडहून आलेला. साताऱ्यात रुजू झाला, दुधाच्या किटल्या वाहू लागला, आणि आता आम्ही त्याची बदली नेपाळला केली होती. पुढल्या मडगार्डवर मामांनी पेंटरकडून 'आई भवानी प्रसन्न' असं लिहून घेतलं होतं. परराष्ट्र खात्याचं एवढंच काय ते पत्र आमच्याजवळ होतं.

पाटण्याला गंगेवरचा महात्मा गांधी सेतू आदल्याच वर्षी, १९८२ च्या मे महिन्यात, खुला झाला होता. साडेपाच किलोमीटरचा तो पूल ओलांडताना नकाशा मागे बसून खांब मोजत होता. सहाव्या दिवशी रक्सौल. पलीकडे नेपाळचं वीरगंज. तिथं भन्साराच्या खिडकीवर जितके दिवस गाडी नेपाळात ठेवायची तितक्या दिवसांचे पैसे भरायचे आणि एक कागद घ्यायचा. त्यावर इंजिन नंबर आणि चासी नंबर लिहिलेला. आम्ही दहा दिवसांचे पैसे भरले. कागद खिशात घालताना मी तो वाचला नाही. तुम्ही तरी कुठं वाचता?

ज्यानं वाचला असता त्याला कळलं असतं, की परदेशात आपण मोटारसायकल नेत नसतो, आयात करत असतो. तात्पुरती, पण आयातच. जकात माफ, एका अटीवर: आणलीत तशी परत न्या. सगळ्या जगाचा हा नियम आहे, आणि तो फार जुन्या संशयातून आला आहे. प्रवासी म्हणून यायचं, गाडी गुपचूप विकायची आणि हात हलवत परत जायचं, असे उद्योग करणारी माणसं गाडीइतकीच जुनी असणार. त्यावर उपाय म्हणून 'कार्ने' नावाचं एक पुस्तक निघालं. त्याचं एक पान आत जाताना फाडतात, एक बाहेर पडताना. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही १९१९ सालची संस्था. आपल्याकडे असं पुस्तक त्यांच्याकडून मिळतं. नेपाळला जाणाऱ्या भारतीय गाडीला ते लागत नाही, खिडकीवरचा कागद पुरतो. पण अट तीच.

मग गाडीचा अपघात झाला तर? हा प्रश्न १९५४ साली न्यूयॉर्कला जमलेल्या देशांनाही पडला होता. तिथं खासगी गाड्यांच्या तात्पुरत्या आयातीबद्दल एक आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्याच्या तेराव्या कलमात या दुःखद प्रसंगाची सोय आहे. गाडी फारच मोडली, आणि अपघाताचा रीतसर पुरावा असला, तर ती परत न्यायलाच पाहिजे असं नाही. जकात भरा, नाहीतर त्या देशाच्या तिजोरीला काहीही खर्च न पडता गाडी सरकारला देऊन टाका, नाहीतर सरकारी देखरेखीखाली, स्वखर्चानं, तिचा नाश करा. यांतला तिसरा मार्ग मला फार हृदयद्रावक वाटतो. एक कस्टम्स अधिकारी टोपी काढून उभा आहे, आणि मालक हातोडा घेऊन... जाऊ द्या.

चे गव्हेरा आणि त्याचा मित्र ग्रानादो यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९५२ साली ते अर्जेंटिनातून एका जुन्या पाचशे सीसी नॉर्टनवर निघाले आणि चिलीत नॉर्टननं मान टाकली. ती त्यांनी तिथंच सोडली आणि पुढं ट्रकवाल्यांच्या हातापाया पडत गेले. पुढे त्याच्या हातून क्रांती झाली. माझं मत असं आहे, की गाडी मामाची असती तर तो आधी तिला घेऊन घरी गेला असता आणि क्यूबाचा इतिहास बदलला असता.

आमची मोटारसायकल परतीच्या वाटेवर पडली. काठमांडूहून खाली यायला तोवर मुगलिंगवरून सोपा रस्ता झाला होता, पण नकाशाला दामनहून हिमालय बघायचा होता. म्हणून आम्ही जुन्या त्रिभुवन राजपथानं निघालो. हा रस्ता १९५३ ते ५६ या काळात भारतीय लष्कराच्या इंजिनिअरांनी बांधून दिला. तो बांधणाऱ्यांना सरळ रेषेचं वावडं असावं. दामन २३२२ मीटरवर. तिथून सारी हिमशिखरं एका ओळीत दिसली, नकाशानं ती बोट दाखवून ओळीनं मोजली. त्याच्या पुढं सिमभंज्यांगची खिंड, २४८८ मीटर. खिंड ओलांडली, उताराला लागलो, आणि एका सावलीतल्या वळणावर, जिथं सकाळचं दहिवर अजून वाळलं नव्हतं, समोरून ट्रक आला. मी डावीकडं घेतली. डावीकडं रस्ता संपला होता.

चूक ट्रकवाल्याची नव्हती. हे मी आज लिहितोय. तेव्हा तसं म्हटलं नव्हतं.

नकाशाचं मनगट मोडलं. माझा गुडघा सोलला. राजदूत दहा-बारा फूट खाली झाडोऱ्यात आडवा झाला होता. फोर्क मागं वळलेला, पुढलं चाक मराठी आठच्या आकड्यासारखं, हँडल एका बाजूला, दिवा नाहीच. 'आई भवानी' शाबूत होत्या, 'प्रसन्न' चेपलं होतं.

मैलभर खाली एक चहाची टपरी होती. ट्रक थांबतात ते तिथंच, वळणावर कुणी थांबत नाही. पुढलं चाक फिरेना, म्हणून ढकलून नेण्याचा प्रश्न नव्हता. टपरीवाल्या दिदीनं नकाशाचा हात फळीला बांधला, आम्हाला चहा दिला आणि आतून आपल्या सासऱ्यांना हाक मारली. म्हातारा साठीच्या पुढला. गुडघ्यांपाशी पाय जरा वाकलेले, कपाळावर आडवा घट्टा पडलेला. डोक्याला पट्टा लावून पाठीवर ओझी वाहणाऱ्या माणसाचा असतो तसा. त्यानं राजदूतकडे बराच वेळ बघितलं आणि तो हसला. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

मग त्यानं मोडक्या हिंदीत जे सांगितलं, त्यानं मी गुडघा विसरलो. हा म्हातारा भीमफेदीचा. फेदी म्हणजे डोंगराचा पायथा, आणि भीम म्हणजे आपलाच, महाभारतातला, असं तिथले लोक सांगतात. राजपथ होण्यापूर्वी काठमांडूच्या खोऱ्याला बाहेरून मोटारीचा रस्ताच नव्हता. रक्सौलहून अमलेखगंजपर्यंत १९२७ साली छोटी रेल्वे झाली, तिथून भीमफेदीपर्यंत मोटार जाई, आणि भीमफेदीला चाकाचा संबंध संपे. पुढं चिसापानी गढी, कुलेखानी, चितलांग, चंद्रागिरी आणि मग थानकोट, सगळी पायवाट. पण खोऱ्यात राणा घराण्याची सत्ता, त्यांचे युरोपी थाटाचे राजवाडे, आणि वाड्यांपुढं फिरायला रस्ते. रस्ते होते म्हणजे मोटारी हव्यातच. तेव्हा मोटारी माणसांच्या खांद्यावरून आल्या. लांबलचक वाशांची चौकट करायची, तिच्यावर मोटार चढवायची आणि डझनावारी भारवाह्यांनी ती उचलून डोंगर चढायचा. 'नॅशनल जिऑग्राफिक'नं असा एक फोटो १९५० साली छापला होता. तो मी पुढं कितीतरी वर्षांनी पाहिला: ओढ्याच्या पाण्यात माणसं, आणि त्यांच्या खांद्यांवर मोटार, पालखीसारखी. आपल्याकडे पालखीत देव बसतात. तिथं रिकामी मोटार बसली होती.

म्हातारा म्हणाला, त्यानं पोरवयात अशा दोन मोटारी वाहिल्या. पुढच्या माणसाला वाट दिसते, मागच्याला पुढच्याची पाठ दिसते, आणि मधल्याला काहीच दिसत नाही. तो मधला होता.

"मोटारीत कधी बसलात का?" मी विचारलं.

"वजन ठाऊक आहे," तो म्हणाला.

त्यानं शेजारचे चार पोरगे गोळा केले, दोन बांबू तोडून आणले आणि राजदूतची बांधणी स्वतः उभं राहून करून घेतली. गाठ कुठं, भार कुठं, कुणाची उंची कुठल्या टोकाला, सगळं बारकाईनं. पोरांना हा प्रकार नवा होता. ती ट्रकच्या जमान्यातली. ती हसत होती, म्हातारा हसत नव्हता. उचलताना त्यानं एक हाळी दिली, आणि चौघं एकदम उठले. सव्वाशे किलोचा ऐवज हवेत तरंगत वळणा-वळणानं खाली निघाला. मागून मी लंगडत, त्यामागं गळ्यात हात बांधलेला नकाशा. लांबून कुणी पाहिलं असतं तर टोपी काढली असती. दरीपलीकडं काही वेळ रोपवेच्या तारा दिसत होत्या. हेटौड्याहून काठमांडूपर्यंत १९६४ साली उभारलेला तो बेचाळीस किलोमीटरचा रोपवे, मालाच्या पेट्या डोंगरावरून अलगद नेणारा. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

पोरांना पैसे दिले. म्हाताऱ्यानं चहा घेतला, एक विडी घेतली. पैसे घेतले नाहीत. "ही काय मोटार आहे?" म्हणाला.

ट्रकनं हेटौडा, हेटौड्याला नकाशाच्या हाताला प्लॅस्टर, मग दुसऱ्या ट्रकनं वीरगंज. यात कागदावरचे दहा दिवस संपून वर दोन झाले. भन्साराच्या खिडकीतल्या साहेबांनी कागद पाहिला, आमच्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "गाडी कुठाय?" ट्रकमध्ये बांबूंना बांधलेली वस्तू मी दाखवली. ते खाली उतरले. रॉकेलचा बोळा मागवला. इंजिनावरचा चिखल स्वतः पुसला, नंबर कागदाशी ताडून पाहिला, मग चासीचा. दोन्ही जुळले. "आहे," ते म्हणाले, आणि दोन दिवसांचे जादा पैसे घेऊन शिक्का मारला. कायद्याच्या दृष्टीनं मोटारसायकल म्हणजे दोन नंबर. बाकीचं सगळं, चाक, हँडल, दिवा, मामांची अब्रू, हे त्या कागदात कुठंच नव्हतं.

अलीकडच्या बाजूला वेगळाच प्रश्न निघाला. त्या दिवसांत नेपाळातून येणाऱ्या मालाकडे जरा निरखूनच बघत, कारण तिकडं परदेशी वस्तू मिळत. गोणपाटात सुटे भाग दिसले. चाक वेगळं, फोर्क वेगळा. "हे पार्ट कुठले?" मी म्हटलं, "साताऱ्याचे." नकाशानं डाव्या हातानं मडगार्ड वर धरलं. साहेबांना मराठी येत नव्हतं, पण देवनागरी येत होती. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "आई भवानी", पुढलं चेपलेलं बोटांनी चाचपून लावलं, आणि म्हणाले, "जाइए." परराष्ट्र खात्याचं पत्र शेवटी असं कामी आलं.

रेल्वे पार्सलला पेट्रोलची टाकी कोरडी लागते. ती आधीच गळून कोरडी झाली होती. एवढं एकच काम आयतं झालं. मीटरगेजच्या गाडीतून मोठ्या गाडीत, तिथून आणखी एका गाडीत, असा राजदूत पुण्याला आला आणि पुढं टेंपोतून साताऱ्याला. मामा ओट्यावर उभे होते. टेंपोचं फाळकं खाली पडलं. त्यांनी आधी नकाशाचा हात पाहिला, मग माझा गुडघा, मग बराच वेळानं आत पाहिलं.

"काय केलंस रे?" एवढंच म्हणाले.

मामींनी मात्र तोंडसुख घेतलं. त्यात "राजदूत परत बोलावला म्हणजे संबंध तुटले" असं एक वाक्य मामांनी मधेच टाकलं, वातावरण हलकं करायला. ते कुणालाच हसू आणू शकलं नाही. विम्याची पॉलिसी काढून पाहिली. तिच्यात 'भौगोलिक क्षेत्र : भारत' असं छापलेलं. जादा हप्ता भरला की त्यात नेपाळ घालून मिळतं, भूतान, बांगलादेशही मिळतात. हे जगात ज्या माणसाला पक्कं माहीत असायला हवं होतं, तो शांतपणे चष्मा पुसत होता.

दुरुस्तीला अडीच महिने लागले. तेवढे दिवस मामा पहाटेच्या पहिल्या एसटीनं जायचे, बगलेत छत्री आणि हातात फॉर्मांची पिशवी, आणि ज्या गावाला एसटी जात नव्हती तिथं चालत. मी त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे दोनदा राहायला गेलो. दोन्ही वेळा ते अंधारात, मला जाग येऊ नये म्हणून, चपला हातात घेऊन बाहेर पडले. मी जागाच होतो. पैसे मी माझ्या पगारातून पुढं दीड वर्ष फेडले. ते त्यांनी घेतले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

गोणपाट उसवलं तेव्हा आतून ते दोन बांबूही निघाले होते. मामींनी ते परसात दोडक्याच्या वेलाला लावले. म्हाताऱ्याच्या गाठी मामांनी सोडल्या नाहीत, कापू दिल्या नाहीत. सगळी हकीकत ऐकल्यावर त्यांनी एकच चौकशी केली होती. त्या म्हाताऱ्याचं वय किती असेल, आणि त्याचा काही विमा आहे का.