चेन्नईचे जलचक्र आणि जमिनीत शिरणारा बाण

समुद्राच्या पाण्याची वाफ होणे, वाफेचे ढग होणे, ढगांतून पाऊस पडणे आणि ते पाणी पुन्हा समुद्राला मिळणे, म्हणजेच जलचक्र, हा विषय प्राथमिक शाळेत बहुधा एका चित्रावरून शिकवला जातो, आणि त्या चित्रात समुद्र, डोंगर व मधून वाहणारी नदी ठरलेली असते. घाटातला पाऊस पाहत वाढलेल्या मराठी मुलाला हे चित्र घरचेच वाटते. चेन्नईची ठेवण मात्र निराळी आहे. तेथील जमीन सपाट असून नैर्ऋत्य मोसमी वारे आपला बराचसा पाऊस सह्याद्रीच्या पश्चिमेलाच टाकून येतात, त्यामुळे वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर बंगालच्या उपसागरावरून येतो. महाराष्ट्र छत्र्या माळ्यावर टाकतो, तेव्हा तिथे पावसाळा लागतो.

तीन महिन्यांचे पाणी वर्षभर पुरवायचे तर ते अडवणे आणि मुरवणे भाग होते, आणि त्यासाठी या प्रदेशात ‘एरी’ म्हणजे मातीचा बांध घालून केलेले तलाव, व ‘कुळम’ म्हणजे पायऱ्यांचे तळे, अशी व्यवस्था पूर्वापार उभी राहिली. मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराच्या तळ्यावर तै महिन्यात, म्हणजे पावसाळा सरल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत, देवाची मूर्ती तराफ्यावरून फिरवण्याचा उत्सव होतो. उत्सवाचा हा काळ नीट पाहिला, तर तो पाण्याचा वार्षिक ताळेबंदच ठरतो, कारण तळे भरले नसेल तर तराफा तरंगणार कसा? काठावर उभ्या मुलाला किती पायऱ्या बुडाल्या हे मोजता येत असे, आणि तळ्यात पाणी असले की आसपासच्या आडांनाही पाणी चढते हे घरी दोर सोडताना कळत असे. जलचक्राच्या चित्रात बहुधा पुसट राहणारा, जमिनीत शिरणारा बाण इथे डोळ्यांनी दिसत होता. वाङ्मयातही हा विचार जुना आहे. तिरुक्कुरळ या प्राचीन तमिळ ग्रंथाच्या दुसऱ्याच अध्यायाचा विषय पाऊस असून, ढगाने घेतलेले परत दिले नाही तर समुद्रही उणा होईल, अशा आशयाचा विचार त्यात येतो.

पुढे मोजणी आली आणि नळही आला. ईस्ट इंडिया कंपनीची मद्रास वेधशाळा 1792 मध्ये नुंगम्बाक्कमला उभी राहिली. भारतीय हवामान खाते स्थापन झाले 1875 मध्ये, पण मद्रासच्या पावसाच्या नोंदी त्याच्या कित्येक दशके आधीपासूनच्या आहेत. 1872 च्या सुमारास पुळल तलावाचे पाणी शहराला मिळू लागले आणि पाण्याचा उगम घरापासून दूर गेला. उगम नजरेआड झाल्यावर जवळची तळी निरुपयोगी वाटू लागली, हा दोष एकट्या नळाचा नव्हे, पण नळाने तो सोपा केला. 1920 च्या दशकात ‘लाँग टँक’ नावाचा विस्तीर्ण तलाव बुजवून त्यागरायनगर वसवण्यात आले. नुंगम्बाक्कमच्या तलावाची गत तर अधिक बोलकी आहे, कारण त्या बुजलेल्या जागेवर 1976 मध्ये वळ्ळुवर कोट्टम हे तिरुक्कुरळकर्त्याचे स्मारक झाले आणि तिरुक्कुरळच्या 1330 द्विपदी, अर्थातच पावसावरील अध्यायासह, तेथे दगडावर कोरल्या गेल्या.

विसरलेला बाण पुन्हा शिकवण्याचे काम शाळेबाहेर सुरू झाले. भौतिकशास्त्रज्ञ शेखर राघवन यांनी बेझंट नगरमध्ये घरोघर जाऊन छपरावरचे पाणी वाळूच्या थरात मुरवण्याचा आग्रह धरला, आणि 2002 मध्ये ‘आकाशगंगा’ न्यासाचे ‘रेन सेंटर’ उघडले. मुरण खड्डा आणि पुनर्भरण विहीर यांच्या प्रतिकृती तेथे पाहता येतात. 2003 मध्ये तमिळनाडूत प्रत्येक इमारतीला पर्जन्यजल संधारण सक्तीचे झाले. तरीही 2019 च्या उन्हाळ्यात शहराचे प्रमुख जलाशय जवळपास कोरडे पडले, आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एका फेरीला सुमारे 25 लाख लिटर.

पश्चिम मांबलममध्ये ‘लेक व्ह्यू रोड’ हे नाव आजही चालू आहे. त्या रस्त्यावरून ज्या तलावाकडे पाहायचे, तो नाही.