सप्तापूर: अनोळखी माणसांच्या गाठीभेटींचा इतिहास

धारवाडच्या जुन्या किल्ल्याभोवतीच्या पेठा मागे टाकून पश्चिमेकडे निघाले की सप्तापूर लागते. विसाव्या शतकात ही वस्ती आधी कर्नाटक कॉलेजच्या आणि नंतर कर्नाटक विद्यापीठाच्या आधाराने वाढली आणि प्राध्यापक, निवृत्त सरकारी अधिकारी व बाहेरगावचे विद्यार्थी यांचे बिऱ्हाड बनली. हुबळी आणि धारवाड ही सुमारे वीस किलोमीटर अंतरावरची दोन शहरे १९६२ मध्ये एका महापालिकेखाली आली, आणि तेव्हापासून सप्तापूर हे एका जोडशहराचे उपनगर ठरले. या शहराच्या सांस्कृतिक इतिहासाविषयी लिहिताना योगायोगाला फार मोठे श्रेय देण्याचा प्रघात आहे: अमुक गवयाला तमुक गुरू अचानक भेटला, एका तरुणाच्या हस्तलिखिताला नेमका प्रकाशक मिळाला. या गाठीभेटी जवळून पाहिल्या तर मात्र त्यांच्यामागे रेल्वेचे मार्ग, सरकारी बदल्या, नाटक कंपन्यांचे मुक्काम आणि शिक्षणाची सक्तीची वाट अशा अगदी व्यवहारी गोष्टी उभ्या दिसतात.

पेशवाई बुडाल्यावर धारवाड मुंबई इलाख्यात, म्हणजे ब्रिटिशांच्या त्या नावाच्या मोठ्या प्रशासकीय प्रांतात, सामील झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबईच्याच कारभाराखाली राहिले. कचेरीत आणि शाळेत मराठीचे वजन असल्यामुळे कानडी घरातील मुलांनाही सुरुवातीच्या काळात मराठीतूनच शिकावे लागे. या स्थितीविरुद्धच्या प्रयत्नांतून १८९० मध्ये रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघाची स्थापना झाली. उच्च शिक्षणासाठी पुणे किंवा मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. आलूर वेंकटराव आणि पुढे दत्तात्रय रामचंद्र बेंद्रे हे दोघेही पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले. आलूरांनी टिळकांचे ‘गीतारहस्य’ कानडीत नेले आणि कर्नाटकाच्या एकीकरणाची चळवळ उभारली; घरात मराठी बोलणारे बेंद्रे कानडीचे अग्रगण्य कवी झाले. कानडी अस्मितेच्या पुनरुज्जीवनाची काही बीजे पुण्याच्या वर्गखोल्यांत रुजली, ही बाब दोन्ही बाजूंच्या अभिमान्यांना फारशी सोयीची नसली, तरी ती खरी आहे.

या येण्याजाण्याला वेग दिला तो रेल्वेने. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ मध्ये स्थापन झाली आणि तिने आपले मुख्य कार्यालय धारवाडात ठेवले, तर कारखाना हुबळीला काढला. मीटरगेज म्हणजे एक मीटर रुंदीच्या या लोहमार्गाने पुणे-मिरजेकडचा मुलूख, गोव्याचा किनारा आणि म्हैसूरचे संस्थान एकमेकांना जोडले गेले. मार्ग आखणारे अभियंते, हिशेबनीस, कारकून असा नाना प्रांतांचा नोकरवर्ग धारवाडात जमला. १९०८ मध्ये ही कंपनी आणि मद्रास रेल्वे यांचे एकत्रीकरण झाले, मुख्य कार्यालय मद्रासला गेले आणि धारवाडची भव्य इमारत रिकामी पडली. १९१७ मध्ये सुरू झालेले कर्नाटक कॉलेज पुढे याच इमारतीत आले. जिथे गाड्यांचे व्यवहार चालत, तिथे आता त्याच गाड्यांनी आलेली मुले बसू लागली, आणि शिक्षणासाठी पुण्याला जाण्याची सक्ती पुष्कळ अंशी संपली. सप्तापूरची पुढची वाढ या बदलातून झाली.

संगीताच्या बाबतीत हा लोहमार्ग अधिकच निर्णायक ठरला. ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, म्हणजे कानडी मुलुखातलेच. त्यांच्या परंपरेतील मराठी संगीत नाटक मंडळ्या हुबळी, धारवाड, गदग या गावी मुक्काम करीत, आणि या मुक्कामांतून मराठी नाट्यपदे व हिंदुस्तानी ख्याल, म्हणजे रागाच्या विस्ताराला प्राधान्य देणारा गायनप्रकार, कानडी कानांना परिचित होत गेले. शिक्षक तयार करणाऱ्या धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात भास्करबुवा बखले यांनी काही काळ संगीत शिकवले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेहून म्हैसूर दरबाराकडे जाता-येताना या भागात थांबत. त्यांच्याकडे शिकलेले कुंदगोळचे रामचंद्र सौंशी मराठी रंगभूमीवर ‘सवाई गंधर्व’ म्हणून गाजले. कुंदगोळ तेव्हा जमखंडी संस्थानात होते, म्हणजे हुबळीहून गाडीने तासाभरात पोहोचण्यासारखे, पण राजकीय नकाशावर परके.

अशा कुंदगोळात सवाई गंधर्व स्थायिक झाले आणि त्यांच्या घरी एरवी एकमेकांना कधी भेटली नसती अशी माणसे येऊ लागली. १९१३ मध्ये धारवाडात जन्मलेल्या गंगूबाई हनगल हुबळीहून रोज गाडीने तालमीला येत आणि परतीची गाडी पकडून घरी जात. देवदासी परंपरेतील घराण्यातली ही स्त्री आणि सोवळ्याओवळ्याच्या ब्राह्मण घरातले गुरू यांच्यात सामाजिक अंतर मोठे होते. ते मिटले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, परंतु तालमीपुरते ते ओलांडले जात होते. भीमसेन जोशी यांची कथा याहून प्रसिद्ध आहे. गदगच्या घरातून अकराव्या वर्षी पळालेला हा मुलगा गुरूच्या शोधात ग्वाल्हेर आणि जालंधरपर्यंत भटकला, जालंधरला विनायकबुवा पटवर्धन यांनी त्याला सवाई गंधर्वांकडे जाण्यास सांगितले, आणि १९३६ च्या सुमारास कुंदगोळात त्याची तालीम सुरू झाली. हजारो मैलांची पायपीट करून शोधलेला गुरू गदगच्या शेजारच्याच टापूत होता, हे कथेतले नाट्य खरेच. पण कुंदगोळची वाट जालंधरला ठाऊक असणे हे त्या काळच्या संगीतविश्वातील दळणवळणाचे फलित होते. मल्लिकार्जुन मन्सूर यांचा प्रवासही याच धर्तीचा. धारवाडजवळच्या मन्सूर गावचा हा मुलगा नाटक मंडळीत शिरला, मिरजेचे नीलकंठबुवा आलूरमठ त्याला शिष्य म्हणून घेऊन गेले, आणि पुढे मुंबईत अल्लादिया खाँ यांचे पुत्र मंजी खाँ व त्यांच्या निधनानंतर बुर्जी खाँ यांच्याकडून त्याला जयपूर घराण्याची विद्या मिळाली.

साहित्यात गाठीभेटींचे ठिकाण वेगळे होते. जी. बी. जोशी यांनी १९३३ मध्ये धारवाडात मनोहर ग्रंथमाला ही प्रकाशनसंस्था काढली. तिचे कार्यालय ‘अट्ट’, म्हणजे माळा, या नावाने ओळखले जाई. तिथे समीक्षक कीर्तिनाथ कुर्तकोटी आणि इतर लेखक तासन्‌तास बसत, आणि जिना चढून येणाऱ्या नवख्यालाही त्या बैठकीत जागा मिळे. सप्तापूरचा या अट्टाशी संबंध जुळला तो गिरीश कर्नाड यांच्यामुळे. १९३८ मध्ये माथेरानला जन्मलेल्या कर्नाडांच्या घरची भाषा कोकणी, सुरुवातीचे शिक्षण मराठी, आणि बालपणाचा मोठा भाग शिरसीत गेलेला. सरकारी सेवेतील डॉक्टर असलेल्या वडिलांच्या निवृत्तीनंतर कुटुंब धारवाडात आले, सप्तापुरात त्यांचे घर झाले, आणि कर्नाटक कॉलेजातून १९५८ मध्ये गणित व संख्याशास्त्र घेऊन गिरीश पदवीधर झाले. इंग्रजीत कवी व्हावे अशी त्यांची इच्छा होती. प्रत्यक्षात इंग्लंडला जाण्याच्या सुमारास हातून लिहिले गेले ते ‘ययाति’ हे कानडी नाटक, आणि १९६१ मध्ये ते मनोहर ग्रंथमालेनेच छापले. तीन वर्षांनी आलेल्या ‘तुघलक’चे मराठी भाषांतर विजय तेंडुलकरांनी केले, म्हणजे मराठी शाळेत अक्षरे गिरवलेल्या लेखकाचे कानडी नाटक मराठीत परतले. निवृत्तीनंतर वडिलांनी दुसरे गाव निवडले असते, तर ही साखळी वेगळ्या गावी जुळली असती किंवा जुळलीच नसती.

आजचे सप्तापूर स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या, अभ्यासिका, खानावळी आणि भाड्याच्या खोल्या यांनी गजबजलेले आहे. उत्तर कर्नाटकातील जिल्ह्यांतून आलेली मुले-मुली इथे एका खोलीत अनोळखी म्हणून राहायला लागतात आणि नोकरीचा हुकूम हाती पडताच पांगतात. अनोळखी माणसांचा ओघ पूर्वीपेक्षा मोठा आहे. मात्र कुंदगोळच्या तालमीत किंवा अट्टावर माणसे वर्षानुवर्षे टिकत, कारण शिकण्याला ठरलेली मुदत नव्हती आणि बसण्याला भाडे नव्हते. अभ्यासिकेतील खुर्चीला या दोन्ही गोष्टी आहेत, आणि तिथे बोलण्यास मनाई असते.