आधी टायर, मग उंची

ऑफ-रोडिंगचा नाद लागलेला गाडीमालक गॅरेजमध्ये गेला की पहिला प्रश्न विचारतो, "किती इंचांची लिफ्ट टाकू?" दोन, अडीच, की थेट चार? टायरचं नंतर बघू. हा क्रम उलटा आहे. गाडी उंच करण्याची सगळी कला टायरच्या पोटी जन्मली. मोठं चाक बसवायचं होतं, मडगार्डखाली जागा नव्हती, म्हणून माणसं गाडी वर उचलू लागली. ही वंशावळ ठाऊक असली, तर गॅरेजमधले निम्मे निर्णय आपोआप सुटतात.

मूळपुरुष अर्थातच जीप. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा काढल्या. बँटम या छोट्या कंपनीने त्याच सप्टेंबरात पहिला नमुना हजर केला आणि पुढे विलीज व फोर्ड यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. त्या जीपचं टायर ६.००-१६ मापाचं होतं : सहा इंच रुंद, सोळा इंची रिमवर, उभा व्यास साधारण २९ इंच. आज ते किडकिडीत दिसतं. पण इंजिन ६० अश्वशक्तीचं, गाडीचं वजन जेमतेम एक टन आणि अॅक्सलचं गिअर गुणोत्तर ४.८८. टायर, पाटे, गिअर आणि वजन यांचा असा चोख मेळ नंतरच्या कितीतरी महागड्या गाड्यांत सापडत नाही. अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीला भिडतं, हे आपल्याकडच्या पावसाळी शेतरस्त्यांवर जीप चालवणाऱ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आपल्याकडे ही गाडी मुंबईमार्गे आली. १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद म्हणून सुरू झालेल्या पोलाद व्यापाराच्या कंपनीने १९४७ पासून विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे खेड्यापाड्यांत वडाप करणाऱ्या जीपांनी एक देशी सुधारणा रूढ केली : मागच्या कमानीत एखादा पाटा वाढवून घेणे. बारा-पंधरा माणसं भरली की गाडी मागून बसायची. एक पाटा वाढवला की मागची बाजू वर यायची आणि रिकामी गाडी हाडं खिळखिळी करायची. हीच क्रिया परदेशात लिफ्ट किट म्हणून खोक्यात घालून विकली जाते. आपल्या मिस्त्रींनी ती ओझ्यासाठी केली, शौकासाठी नाही, एवढाच फरक.

शौकाची शाखा कॅलिफोर्नियात फुटली. १९५३ मध्ये मार्क स्मिथ आणि त्यांच्या गावकऱ्यांनी जॉर्जटाउनहून सिएरा नेवाडा ओलांडून टाहो सरोवराकडे जीपांचा ताफा नेला. वाट होती रुबिकॉन ट्रेल, नुसत्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांची. तिथे धोंड्याला पहिलं टेकतं ते गाडीचं पोट नव्हे, तर अॅक्सलच्या मधला क्राऊन-पिनियनचा गोळा. आता इथे नीट थांबायला हवं, कारण पुढची सगळी गल्लत याच जागी होते. अखंड अॅक्सलची गाडी पाट्यांनी किंवा कॉइलने कितीही उचला, अॅक्सल चाकालाच जखडलेला असतो आणि तो गोळा होता तिथेच राहतो. तो वर जातो फक्त टायर मोठं केल्यावर, आणि तेही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्याने. २९ ऐवजी ३१ इंची टायर घातलं, की गोळ्याखाली एक इंच मिळतो. सस्पेन्शन लिफ्टने मिळते ती चासीची उंची, पुढच्या-मागच्या आणि पोटाखालच्या कोनांची सुधारणा, आणि मुख्य म्हणजे मोठ्या टायरला हलायला जागा.

१९६० च्या दशकात तिथलेच लोक वाळवंटात उतरले आणि त्यांना उलटी अडचण आली. अरुंद टायर वाळूत रुतायचं. डिक सेपेक यांनी दक्षिण कॅलिफोर्नियात रुंद टायर मिळवून विकायला सुरुवात केली. हवा कमी ठेवली की ही टायरं पसरायची आणि गाडीला वाळूवर तरंगत न्यायची. त्यातूनच ३१×१०.५० आर १५ अशी सरळ मापं रूढ झाली : व्यास ३१ इंच, रुंदी साडेदहा, रिम १५. २४५/७५ आर १६ या मेट्रिक मापात मात्र व्यास हिशेब करून काढावा लागतो. २४५ मिलिमीटरचे ७५ टक्के, त्याची दुप्पट इंचांत करून, अधिक रिमचे १६ इंच. उत्तर साडेतीस इंच येतं. दुकानात जाण्यापूर्वी हा हिशेब कागदावर एकदा करावाच.

१९६७ मध्ये मेक्सिकोत तिहुआनापासून ला पाझपर्यंतची मेक्सिकन १००० ही शर्यत झाली. ती जिंकली मायर्स मँक्स या फोक्सवॅगनच्या सांगाड्यावरच्या चिमुकल्या बग्गीने. हलकं वजन आणि जमिनीला चिकटणारी चाकं यांनी आडदांड गाड्यांना हरवलं. फोर्ड ब्रॉन्कोवाल्यांनी धडा घेतला. बिल स्ट्रॉपी यांनी मागच्या मडगार्डची कमान कापून, रुंद करून मोठी टायरं बसवली; पार्नेली जोन्स यांनी अशाच ब्रॉन्कोच्या कुळातली 'बिग ओली' चालवून १९७१ आणि १९७२ ची शर्यत मारली. मोठ्या टायरला जागा देण्याचा जुना मार्ग हा असा होता : पत्रा कापणे. आज न कापलेल्या जुन्या ब्रॉन्कोला जास्त किंमत येते.

पत्रा न कापता जागा करायची तर गाडी उचला, हा दुसरा मार्ग. रँचो, स्कायजॅकर अशा कंपन्यांनी जास्त बाक असलेले पाटे विकायला काढले. पण शेडमध्ये वेल्डिंग करणाऱ्यांची आवडती युक्ती वेगळी. ज्या गाड्यांत पाटे अॅक्सलच्या खालून जातात, त्यांत ते वरून घ्यायचे. मारुती जिप्सी त्यातलीच. डिसेंबर १९८५ मध्ये आलेल्या या गाडीवर हा 'स्पोआ' (स्प्रिंग ओव्हर अॅक्सल) भारतभरच्या शौकिनांनी केला, आणि गाडी साधारण पाच इंच वर आली. नव्या पाट्यांचा खर्च नाही, जुनीच कमान, म्हणून चालही मऊ राहते. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून क्रॉस लवकर जातात, स्टिअरिंगचा दांडा पाट्याला अडतो आणि जोर दिला की अॅक्सल पाट्यासकट पिळवटतो. हे तिन्ही दुरुस्त न करता सोडलेली उंच जिप्सी घाटात उतरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९७६ मध्ये बीएफ गुडरिचने ऑल-टेरेन रेडियल आणलं आणि मोठं टायर हमरस्त्यावरही सुसह्य झालं. मग हाव सुटली. मिसुरीच्या बॉब चँडलर यांचा १९७४ चा फोर्ड ट्रक 'बिगफूट' ४८ इंची आणि नंतर ६६ इंची टायरांवर उभा राहिला. त्यासाठी लष्करी अॅक्सल घालावे लागले, हा तपशील महत्त्वाचा. टायरने मागितलं ते सगळं द्यावं लागतं. ३१ चं ३५ केलं की ४.१० चा गिअर व्यवहारात ३.६३ सारखा वागतो : क्लच जळतो, चढाला दम लागतो, उतारावर इंजिन धरत नाही, ब्रेकवर भार येतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी पुढे बंपरच्या किंवा चासीच्या उंचीवर मर्यादा घातली. समोरच्या छोट्या मोटारीतल्या माणसाचा जीव त्या उंचीवर अवलंबून असतो, हे लक्षात घेता ते योग्यच झालं.

शेवटी कारखान्यांनीच हे काम हाती घेतलं. २००३ च्या जीप रँग्लर रुबिकॉनला ३१ इंची टायर, दोन्ही अॅक्सलना लॉकर आणि ४:१ चा लो गिअर मिळाला. २०२१ मध्ये फोर्डने नव्या ब्रॉन्कोला आणि जीपने रँग्लरला ३५ इंची टायर कारखान्यातूनच दिलं. पण बघा, जीपने त्यासोबत लिफ्ट दिली फक्त दीड इंचाची, आणि अॅक्सलचा गिअर बदलून ४.५६ केला. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी उंची कमीत कमी वाढवली आणि गिअर बदलायचं मात्र सोडलं नाही.

नाशिकमध्ये तयार होणाऱ्या थारवर येऊ. २०२० च्या थारवर मिळणारं २५५/६५ आर १८ हे मूळ टायर ३१ इंचांचंच आहे. जमिनीपासूनची मोकळीक २२६ मिलिमीटर, पुढचा कोन ४१.८ अंश. सह्याद्रीतल्या बहुतेक कच्च्या वाटांना, जांभ्याच्या कोकणी चढांना हे पुरतं. काळ्या मातीच्या चिखलात रुतणारी गाडी उंची कमी म्हणून रुतत नाही. टायरच्या खाचा लगद्याने भरतात म्हणून रुतते. तिथे रुंद टायर घालूनही फायदा होत नाही, खोल खाचांचं बेताच्या रुंदीचं टायर लागतं. त्याउपर मोठं टायर हवंच असेल, तर कॉइल आणि शॉकअप सोडवून ते चाक हाताने पूर्ण वर ढकला, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा आणि कुठे घासतं ते मोजा. जेवढं घासतं तेवढीच लिफ्ट लागते. बहुधा ती दीड-दोन इंचांवर जात नाही.

आणि कायदा बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा पहिला खर्च मूळ मापातल्या चांगल्या ऑल-टेरेन टायरांवर करा, दुसरा हवा भरायच्या पंपावर आणि तिसरा गाडी ओढून काढायच्या पट्ट्यावर. लिफ्टचा विचार त्यानंतर करा.