बैलाच्या शिंगाचा कॅन्सर

शिंगाचा कॅन्सर हा भारतातील कामाच्या बैलांचा जुना आजार आहे. तो शेतकऱ्याला किती जड जाई, ते बारामतीकडे पाहिले की कळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामतीच्या जिराईत पट्ट्यात आले, ऊस वाढला. पुढे वालचंदनगर, माळेगाव, भवानीनगरला साखर कारखाने उभे राहिले. नांगरट असो की उसाची गाडी, भार बैलावरच. बैल आजारी पडला की घरचे कामच थांबे.

सुरुवातीला बैल सारखी मान झटकतो, शिंग खांबाला घासतो, डोके एका बाजूला कलते धरतो. शिंगाची पोकळी कपाळाच्या पोकळीला जोडलेली असल्याने त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येते. मग शिंग बुडाशी मऊ पडून लोंबू लागते, दुर्गंधी सुटते आणि माशी बसली की जखमेत किडे पडतात. पोळ्याआधी शिंगे साळून रंगवण्याच्या रीतीला दोष दिला जातो. जुवाच्या घर्षणाचे आणि उन्हाचेही नाव निघते. एकच एक कारण मात्र सिद्ध झालेले नाही. खच्ची केलेल्या बैलांत हा कॅन्सर वळूंपेक्षा जास्त आढळतो, ही नोंद महत्त्वाची आहे.

मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 मध्ये सुरू झाले आणि शास्त्रशुद्ध शस्त्रक्रियेला महाराष्ट्रात पाया मिळाला. शिंगाची शस्त्रक्रिया गुरांच्या साध्या दवाखान्यातही होऊ शकते, हा तिचा मोठा गुण. बैलाला आडवा पाडून डोळा आणि शिंग यांच्या मधल्या मज्जातंतूपाशी भूल देतात, कातडी सोडवतात, तारेच्या करवतीने शिंग बुडापासून कापतात आणि कातडी ओढून टाके घालतात. गाठीचा अंश आत राहिला तर ती पुन्हा वाढते. म्हणून नंतर व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरवरील औषधाचे इंजेक्शनही देतात.

याच जातीचा, म्हणजे स्क्वॅमस पेशींचा, कॅन्सर कुत्र्याच्या तोंडातही होतो. तिथे जबड्याचा भाग काढून उरलेल्या पेशींवर किरणोपचार करतात. व्हिएन्नाचे पशुवैद्य अलोइस पोमर यांनी विसाव्या शतकात प्राण्यांच्या किरणोपचाराला शिस्त लावली. पण त्यासाठी महागडे यंत्र आणि दर खेपेला पूर्ण भूल लागते. तालुक्याच्या दवाखान्याला हे झेपणारे नव्हते. बैलाचा जीव शस्त्रक्रिया किती लवकर झाली यावरच राहिला.

1967 मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ ही संस्था स्थापन केली आणि संकरित गाईंचा प्रसार वाढला. नांगराला ट्रॅक्टर आला, बैल घटले. संकरित वासरांच्या शिंगांचे कोंब पहिल्या काही आठवड्यांतच डागून काढले जातात, त्यामुळे या कॅन्सरला शिंगच उरत नाही.